रीव्होवर पुन्हा छप्पर नको

पहिलं महायुद्ध संपल्यानंतरची गोष्ट. उत्तर इंग्लंडात यॉर्कशरमध्ये, राय नावाच्या नदीच्या अरुंद खोऱ्यात, रीव्होच्या पडक्या मठात ढिगारा उपसणं चाललं होतं. चर्चच्या दर्शनी टोकाची मोठी खिडकी कधीतरी कोसळली होती. तिचे दगड बाजूला केल्यावर खाली शिशाच्या चार लाद्या निघाल्या. एकेक लादी अर्ध्या टनाच्या आसपास, आणि अंगावर आठव्या हेन्रीचा राजशिक्का. हे मठाच्या छपराचं शिसं होतं. 1538 मध्ये मठ बंद झाल्यावर छप्पर उतरवलं गेलं, पत्रा वितळवून लाद्या पाडल्या गेल्या, आणि त्या हलवायच्या राहिल्या असतानाच वरची भिंत अंगावर आली. पावणेचारशेहून जास्त वर्षं लाद्या तिथंच पडून होत्या. त्यातलं काही शिसं पुढं यॉर्क मिन्स्टर या मोठ्या चर्चच्या ‘फाइव्ह सिस्टर्स’ या तेराव्या शतकातल्या खिडकीच्या काचा नव्यानं बसवायला वापरलं गेलं. महायुद्धात प्राण गेलेल्या स्त्रियांचं स्मारक म्हणून ती खिडकी 1925 मध्ये पुन्हा खुली झाली.

या लाद्या हाती लागल्या, कारण मधल्या काळात त्या जागी कुणी नवं चर्च बांधलं नाही.

पडक्या वास्तू पुन्हा उभाराव्यात की नाही, हा वाद जुनाच आहे, पण पॅरिसचं नोत्र दाम 2019 च्या आगीनंतर डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा उघडल्यापासून त्याला नवं बळ आलं आहे. पाच वर्षांत एवढं मोठं चर्च उभं राहतं, मग शेकडो मठ, किल्ले, देवळं पडकीच का ठेवायची, असा प्रश्न लोक विचारतात. महाराष्ट्रात किल्ल्यांबद्दल तो रोज विचारला जातो. प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला उत्तरही तपशिलानं द्यायला हवं. आमचं उत्तर रीव्होपुरतं स्पष्ट आहे: तिथं पुन्हा छप्पर चढवू नये. पण ‘आहे तसं जपलंय’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांशीही आमचं भांडण आहे, कारण आज तिथं दिसतं ते ‘आहे तसं’ मुळीच नाही.

पुन्हा बांधायचा म्हटला, तर कुठल्या सालचा मठ बांधणार? रीव्होची स्थापना 5 मार्च 1132 ची. हेल्म्सलीचा जहागीरदार वॉल्टर एस्पेक यानं जमीन दिली आणि फ्रान्सच्या क्लेअरवो मठातून सिस्टर्सियन पंथाचे संन्यासी आले. पंथाचा नियम कडक होता. वस्तीपासून दूर राहायचं, रंगीत काच नको, कोरीवकाम नको, पोट स्वतःच्या शेतीवर भरायचं. खोरं इतकं चिंचोळं की चर्च नेहमीसारखं पूर्व-पश्चिम बसेना. म्हणून ते जवळजवळ उत्तर-दक्षिण टाकलं, वेदीचं टोक दक्षिणेकडं आलं. नदीचं पात्र खोऱ्याच्या पलीकडच्या कडेला सरकवलं तेव्हा कुठं शेताला आणि इमारतींना सपाट जागा मिळाली. हे एका दमात झालेलं नाही. शेजारच्या मठाशी करारमदार करत, बाराव्या शतकात आणि तेराव्याच्या सुरुवातीला ते टप्प्याटप्प्यानं होत गेलं. तो शेजारचा मठ आधी इतका जवळ होता की दोन्हीकडच्या घंटा एकमेकांना ऐकू जायच्या आणि प्रार्थनेच्या वेळांचा घोळ व्हायचा. शेवटी शेजाऱ्यांनीच मुक्काम हलवला.

एल्रेड मठाधिपती होता तो काळ, 1147 ते 1167, रीव्होच्या भरभराटीचा. त्याचा चरित्रकार आणि शिष्य वॉल्टर डॅनियल लिहितो की एल्रेड वारला तेव्हा मठात 140 संन्यासी आणि 500 कामकरी बंधू होते. कामकरी बंधूंनाही मठाची शपथ असे, पण दिवसाच्या सगळ्या प्रार्थनांतून त्यांना सूट होती. शेती, मेंढ्या, दगडकाम, लोहारकाम त्यांच्याकडं. मठाचा सगळा डोलारा त्यांच्या जिवावर उभा होता. एल्रेडच्या काळातलं चर्च साधं होतं, जाड खांबांचं, बिनकलाकुसरीचं. आज ज्या तीन मजली कमानींची छायाचित्रं लोक काढतात त्या 1220 च्या दशकातल्या. लोकर विकून पैसा आला, साधेपणाचा नियम सैलावला, आणि वेदीकडचा भाग नव्यानं उंच बांधला गेला. फ्लॉरेन्सचा व्यापारी पेगोलोत्ती यानं चौदाव्या शतकात इंग्लंडमधल्या मठांच्या लोकरीची यादी केली होती. तीत रीव्होच्या नावावर वर्षाला 60 पोती आहेत. एक पोतं 364 पौंडांचं, म्हणजे सुमारे 165 किलोचं. सगळी मिळून दहा टनांच्या जवळपास लोकर.

या लोकरीनंच मठाला खड्ड्यात घातलं. इटालियन व्यापारी आगाऊ पैसे देऊन पुढच्या कित्येक वर्षांची लोकर आधीच विकत घ्यायचे. मेंढ्यांना खरजेची साथ आली की लोकर कमी भरायची आणि बोली मात्र अंगावर राहायची. पुढं 1322 मध्ये स्कॉट सैन्यानं मठ लुटला, मग 1348-49 मध्ये प्लेग आला. 1381 पर्यंत रीव्होत मठाधिपती, 14 संन्यासी आणि फक्त 3 कामकरी बंधू उरले. पाचशे कामकरी बंधूंसाठी बांधलेल्या इमारतीत तिघं. मग जे कुठल्याही मोठ्या घरात होतं तेच झालं. वापरात नसलेल्या खोल्या पाडल्या, दालनं लहान केली, सभागृहाचा मागचा अर्धगोल भाग काढून टाकला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मठाधिपती जॉन बर्टन यानं भलामोठा रुग्णकक्ष आपल्या निवासासाठी करून घेतला आणि दारावर मरीयेला देवदूताचा निरोप मिळतो तो प्रसंग कोरून लावला. तो दगड अजून तिथं आहे.

तेव्हा पुन्हा बांधायचं म्हणणाऱ्यांनी आधी साल सांगावं. एल्रेडचा साधा मठ हवा असेल तर 1220 च्या कमानी पाडाव्या लागतील. 1220 चा हवा असेल तर बर्टनचा निवास आणि ती कोरीव चौकट जाईल. 1538 चा हवा असेल तर निम्म्या खोल्या नसलेला, उतरणीला लागलेला मठ बांधावा लागेल, आणि तसला कुणालाच नको असतो. लोकांच्या मनातला मठ कुठल्याच साली नव्हता. आजच्या पडक्या भिंतींत मात्र ही तिन्ही सालं शेजारी शेजारी उभी आहेत. दगडाचं पोत, सांध्याची जाडी, छिन्नीच्या खुणा यांवरून ती वेगवेगळी वाचता येतात. छप्पर घालून आतून गिलावा केला की हे वाचन संपतं.

मठ पाडला कसा गेला तेही नीट सांगायला हवं, कारण पाडण्याची पद्धतही इतिहासाचाच भाग आहे. 1535 मध्ये हेन्रीच्या माणसांनी सगळ्या धर्मसंस्थांच्या उत्पन्नाची मोजदाद केली. 1536 च्या कायद्यानं वर्षाला 200 पौंडांहून कमी उत्पन्नाचे मठ बंद झाले. रीव्होचं उत्पन्न त्याहून जास्त होतं, म्हणून तो त्या फेरीत वाचला. पण 1533 मध्येच त्याच्या मठाधिपतीला, एडवर्ड कर्कबीला, काढून राजाला चालणारा माणूस बसवला होता. 3 डिसेंबर 1538 ला मठ राजाच्या स्वाधीन झाला आणि जागा रटलंडचा अर्ल थॉमस मॅनर्स याच्याकडं गेली. मठाच्या संस्थापकाचा वारसा लग्नसंबंधांतून याच घराण्याकडं आला होता. घेणाऱ्यावर अट अशी असे की इमारती राहण्याजोग्या ठेवायच्या नाहीत. शिसं आणि घंटा मात्र राजाच्या.

का, तर शिसं म्हणजे रोख पैसा. ते सहज वितळतं, लाद्या पाडून मोजता येतं, कुठंही विकता येतं. काम ठरलेल्या क्रमानं चाले. आधी घंटा उतरवून फोडायच्या, मग छपराचे पत्रे गुंडाळून खाली टाकायचे, आवारातच भट्टी लावायची. भट्टीला सरपण कुठलं? संन्यासी ज्या लाकडी आसनांवर बसून चारशे वर्षं प्रार्थना करत होते त्या आसनांचं. यॉर्कशरमधल्याच रोश मठाचं असंच झालं. त्या भागातला एक पाद्री, मायकेल शेरब्रुक, याचं वर्णन आपल्याला उपलब्ध आहे. रोशच्या लुटीतलं लाकूड त्याच्या वडिलांनीही विकत घेतलं होतं. मुलानं नंतर विचारलं, तुम्ही संन्याशांना वाईट समजत होता का? वडील म्हणाले, नाही. मग घेतलं कसं? त्यावर उत्तर असं की सगळंच जाणार हे दिसत होतं, तेव्हा चार जणांनी केलं ते मीही केलं. त्या काळाबद्दल याहून प्रामाणिक साक्ष आमच्या वाचनात नाही.

भिंती पाडायला माणसं लागत आणि अक्कलही. ससेक्समधल्या लुइस मठासाठी 1538 मध्ये जोव्हानी पोर्तिनारी नावाचा इटालियन लंडनहून 17 माणसं घेऊन गेला. त्यांत सुतार होते, लोहार होते, शिशाचे कारागीर होते, भट्टी सांभाळणारा होता. बाकीचे भिंती तोडणारे. खांबाचा पाया एका बाजूनं पोखरायचा, तिथं लाकडी टेकू द्यायचे, सगळे खांब असे टेकूंवर आले की टेकू काढून घ्यायचे. रीव्होत एवढा खर्च कुणी केला नाही, म्हणून तिथं इतकं उभं राहिलं. छप्पर गेलं, बाकीचं पावसानं आणि गावकऱ्यांनी हळूहळू नेलं. रीव्हो गावातल्या घरांच्या भिंतींत मठाचे घडीव दगड आजही दिसतात.

पुढचं शंभर वर्षांचं प्रकरण पाहुण्यांना सहसा कुणी सांगत नाही, आणि आम्हाला ते फार महत्त्वाचं वाटतं. मठाची लोहारशाळा आणि पाण्याची सोय रटलंडच्या अर्लांनी तशीच वापरात ठेवली. 1570 च्या दशकात तिथं लोखंड वितळवणारी झोतभट्टी उभी राहिली. नदीच्या पाण्यावर भाते चालत, आजूबाजूच्या रानांतून कोळसा येई. 1640 च्या दशकात भट्टी बंद झाली. संन्याशांच्या जागेत धूर, मळी म्हणजे भट्टीतून निघणारा कचरा, घणांचा आवाज, मजुरांची वस्ती, हे सगळं दोन-तीन पिढ्या चाललं होतं. ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या गेरी मॅकडॉनल यांनी मठाच्या लास्किल इथल्या जागेवरच्या मळीचा अभ्यास करून असं मांडलं की मठ बंद होण्याआधीच तिथले कारागीर झोतभट्टीच्या जवळ पोचले होते. सगळे अभ्यासक ते मानत नाहीत. वाद मळीच्या पृथक्करणावर आहे, तिच्यात लोखंडाचा अंश किती उरला यावर. मुद्दा एवढाच की असा वाद करायला मळी जागेवर असावी लागते.

पण बरीचशी राहिली नाही. रीव्होचं नुकसान फक्त हेन्रीनं केलेलं नाही, जपणुकीनंही केलं.

1917 मध्ये मठ सरकारी बांधकाम खात्याच्या ताब्यात आला. 1913 च्या प्राचीन स्मारक कायद्यानं ते शक्य झालं होतं. मुख्य निरीक्षक चार्ल्स पीअर्स, अभियांत्रिकीची बाजू फ्रँक बेन्स यांच्याकडं. वेदीकडच्या उंच भिंती तेव्हा बाहेर झुकल्या होत्या, कमानी फाकत होत्या. बेन्स यांनी भिंतींचे दर्शनी दगड तसेच ठेवले, आतला भराव माथ्याकडून काढला आणि भिंतीच्या पोटात सळ्यांच्या काँक्रीटच्या तुळया घातल्या. भेगांत पातळ सिमेंट ओतून पोकळ्या भरल्या. खालून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. भिंती आज उभ्या आहेत त्या यामुळं, आणि याचं श्रेय मोकळ्या मनानं द्यायला हवं.

त्याच काळात ढिगारा उपसला गेला. युद्धावरून परतलेल्या बेकार सैनिकांना त्यातून काम मिळालं. ढिगारा रुळांवरच्या छोट्या वाघिणींतून बाहेर जायचा. खाली मध्ययुगीन फरशी लागेपर्यंत खणायचं, हाच नियम. फरशीच्या वर जे साठलं होतं ते सगळं ‘राडारोडा’. कोरीव दगड आणि लाद्या तेवढ्या बाजूला काढल्या. पण छप्पर कुठल्या क्रमानं पडलं, भट्टी कुठं लागली होती, सतराव्या शतकातले मजूर कुठल्या खोलीत चूल पेटवत होते, हे सांगणारे मातीचे थर मोजल्या-नोंदल्याविना गेले. मग वर हिरवळ लावली. आज दिसणारं शांत, हिरवंगार, देखणं रीव्हो 1920 च्या दशकात घडवलेलं आहे. त्या देखणेपणाला आणखी जुनी सवय कारणीभूत आहे. 1758 च्या सुमाराला थॉमस डंकम यानं मठाच्या वरच्या डोंगरकडेला हिरवळीचा लांबलचक सपाट पट्टा तयार करून झाडीत फटी ठेवल्या. पाहुण्यांनी फिरता फिरता प्रत्येक फटीतून मठाचं वेगळं चित्र पाहायचं. तेव्हापासून रीव्हो म्हणजे बघायचं चित्र, आणि चित्रात भट्टीची काळी मळी शोभत नाही.

तेव्हा ‘आहे तसं जपा’ या तत्त्वाला आमचा पाठिंबा आहे, पण त्यात ‘आहे’ म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंतचं सगळं धरलं पाहिजे. पडझड, लूट, भट्टी, जनावरांचा गोठा, सगळं. मध्ययुगापर्यंत खरवडून तिथं थांबणं हीसुद्धा एक पुनर्बांधणीच आहे. फरक इतकाच की ती खणून केली जाते.

आता छपराच्या बाजूनं जो सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे तो घेऊ. छप्पर नसलेली भिंत मरते, हे खरं आहे. मध्ययुगीन भिंत म्हणजे आख्खा दगड नव्हे. बाहेरून-आतून घडीव दगडाचे दोन पापुद्रे, मध्ये दगडगोटे आणि चुन्याचा भराव. छप्पर असतं तोवर हा भराव कोरडा असतो. छप्पर गेलं की पाणी माथ्यातून थेट पोटात जातं, चुना धुऊन नेतं, भराव सुटा होऊन खाली बसतो आणि दोन्ही पापुद्र्यांना बाहेर ढकलतो. भिंतीला पोट आलं असं गवंडी म्हणतात ते हेच. यॉर्कशरमध्ये त्यात हिवाळ्याची भर. आतलं पाणी गोठून फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं, आणि दगडाचे पोपडे सुटतात.

यावर विसाव्या शतकानं काढलेला उपाय रोगाहून वाईट ठरला. माथ्यावर सिमेंटची टोपी आणि सांध्यांत सिमेंट. सिमेंट कडक, दगड मऊ. भिंत थंडीवाऱ्यात किंचित हलते, टोपीला बारीक चीर जाते. चिरेतून पाणी आत शिरतं, पण सिमेंट श्वास घेत नाही म्हणून बाहेर पडत नाही. ते दगडातून वाट काढतं. काही वर्षांनी सांधा शाबूत आणि दगड मात्र आत झिजलेला, मधमाशीच्या पोळ्यासारखा. हे दृश्य इंग्लंडातल्या कुठल्याही पडक्या मठात दिसतं.

योग्य काम असं होतं. सिमेंटचा सांधा यंत्रानं न कापता छिन्नीनं हलके काढायचा, दगडाची कड फुटता कामा नये. सांधा जेवढा रुंद त्याच्या निदान दुप्पट खोल मोकळा करायचा. आतली धूळ धुऊन भिंत ओली करायची, कारण कोरडा दगड चुन्यातलं पाणी शोषून घेतो आणि चुना पीठ होतो. मिश्रण ढोबळमानानं एक भाग चुना, तीन भाग चाळलेली, बारीक-जाड मिसळ असलेली वाळू, आणि पाणी जेमतेम. दाबून भरायचं, थोडं आवळलं की ताठ कुंचल्यानं ठोकायचं, मग ओलं गोणपाट टांगून कित्येक दिवस दमट ठेवायचं. तापमान 5 अंशांच्या खाली जाणार असेल तर कामाला हात लावायचा नाही. त्यामुळं तिकडं चुन्याचं काम वसंतापासून शरदापर्यंतच चालतं. ठेकेदाराला मार्चअखेर बिल काढायचं म्हणून हिवाळ्यात भरलेला चुना पहिल्या कडाक्यात गळून पडतो, आणि मग ‘चुना टिकत नाही, सिमेंटच बरं’ असा निष्कर्ष निघतो. दोष चुन्याचा नसतो, वेळापत्रकाचा असतो.

माथ्यासाठी गेल्या काही दशकांत आलेला उपाय आम्हाला सर्वांत पटतो: सिमेंटच्या टोपीऐवजी मातीचा थर आणि त्यावर गवत. ग्लॉस्टरशरमधल्या हेल्स मठासारख्या ठिकाणी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी याच्या चाचण्या घेतल्या. माती पाऊस शोषते आणि उन्हात परत सोडते, म्हणून भिंतीत थोडंच जातं. गवताखाली तापमानाचे चढउतार मंदावतात, त्यामुळं गोठण्या-वितळण्याचे फेरे कमी होतात. गवताची मुळं उथळ असतात, ती दगड फोडत नाहीत. मात्र झाडाचं रोप आलं तर ते वर्षातून एकदा उपटावंच लागतं. पडलेल्या मठाच्या माथ्यावर गवत आपसूक उगवतच होतं. जपणूक करणाऱ्यांनी ते खरवडून सिमेंट ओतलं आणि नंतर पुन्हा गवत लावलं.

छप्पर घातलं तर हे सगळं वाचेल, असं वाटतं. पण छपराचा भार आणि बाहेर ढकलणारा रेटा पेलायला भिंत तेवढी सशक्त हवी. चारशेऐंशी वर्षं भिजलेला भराव ते पेलणार नाही. म्हणजे माथ्याचे कित्येक थर उतरवायचे, भराव काढून नवा घालायचा, झिजलेले दगड बदलायचे, पाया तपासायला खणायचं. काम संपेल तेव्हा जे वाचवायला निघालो होतो त्यातलं बरंच काही बदललेलं असेल. शिवाय छप्पर म्हणजे पन्हळी, गळती, शिशाची चोरी, दर शंभरेक वर्षांनी पत्रा बदलणं. निगा टळत नाही, फक्त महाग होते. एखादी नक्षीदार फरशी किंवा कोरीव दगड खरोखर धोक्यात असेल तर तेवढ्यापुरता आडोसा करावा, काढता येईल असा. त्याला आमचा विरोध नाही.

पुनर्बांधणी नेहमीच चूक, असंही आम्ही म्हणत नाही. डेव्हनमधलं बकफास्ट हे उलट बाजूचं सर्वांत चांगलं उदाहरण. तिथल्या बेनेडिक्टाइन संन्याशांनी 1907 ते 1938 या काळात, एका वेळी पाच-सहा जणांनी राबून, जुन्या पायावर चर्च उभं केलं. स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या प्रार्थनेसाठी. इटलीत मॉन्ते कॅसिनो फेब्रुवारी 1944 च्या बाँबफेकीत जमीनदोस्त झाला आणि पुन्हा बांधला गेला. तिथं संन्याशांचा समाज जिवंत होता, इमारत कशी होती हे सांगणारी नकाशे-छायाचित्रं हाताशी होती, आणि जखम ताजी होती. नोत्र दामलाही हेच लागू पडतं. रीव्होत यातलं काही नाही. तिथं राहायला येणारे संन्यासी नाहीत, छपराचं मध्ययुगीन रेखाटन नाही. जे बांधू ते अंदाजानं बांधू, आणि स्मारकांच्या जतनाबद्दलच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेनं रेघ नेमकी तिथंच ओढली आहे: अंदाज सुरू झाला की जीर्णोद्धार थांबवायचा.

हे आपल्याला परकं नाही. पीअर्स रीव्होत खणत होते त्याच सुमाराला, 1923 मध्ये, जॉन मार्शल यांनी भारतीय पुरातत्त्व खात्यासाठी जतनाची नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. तिचा गाभाही हाच, की आपलं पहिलं कर्तव्य नवं करण्याचं नाही, टिकवण्याचं आहे. त्याची फळं जुन्या गोव्यात दिसली. तिथला सेंट ऑगस्टिनचा मठ मध्ययुगीन नव्हे, सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा. पण त्याची कहाणी रीव्होच्या जवळची आहे. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारनं धर्मसंघ बंद केले, मठ ओस पडला, 1842 मध्ये छताची घुमटी कोसळली, 1931 मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा निम्मा भाग गेला. उरला तो सुमारे 46 मीटर उंचीचा जांभ्याचा मनोरा. त्याची घंटा 1871 पासून पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये वाजते आहे.

याच पडक्या मठात जॉर्जियाची राणी केतेवान हिचे अवशेष सापडले. 1624 मध्ये शिराझला तिला ठार मारलं गेलं, आणि ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यात आणून सभागृहाच्या खिडकीजवळ ठेवला, असं जुन्या कागदांत होतं. ती खिडकी नेमकी कुठली हे कळायला भिंतींचा मूळ आराखडा थराथरानं मोकळा करावा लागला. 2004 च्या उत्खननात हाड मिळालं, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेनं त्याच्या डीएनएची तपासणी केली, आणि जुलै 2021 मध्ये भारतानं त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला दिला. विसाव्या शतकात कुणी उत्साहानं तो मठ ‘पूर्ववत’ केला असता तर ती खिडकी नव्या बांधकामात गेली असती.

यॉर्कशरचा उपाय इथं तसाच उचलून मात्र चालणार नाही. गोव्यात आणि वसईत दंव पडत नाही, पण चार महिन्यांत धो धो पाऊस पडतो आणि मग आठ महिने कोरडे. माथ्यावर माती टाकली तर गवत जानेवारीत वाळेल आणि त्याच मातीत पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ-वड रुजतील. त्यांची मुळं भरावाचा माग काढत पायापर्यंत जातात. इथं माथ्याला चुना-सुरखीचा घट्ट, दोन्हीकडं उतार दिलेला थरच हवा, मेच्या आत पुरा झालेला, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात रोपं हातभर होण्याआधी काढायला माणूस हवा. पिंपळ नुसता छाटला तर दुप्पट जोमानं फुटतो. मूळ जिवंत असेपर्यंत त्याच्या मागं लागावं लागतं, आणि मूळ मेल्यावर उरलेली पोकळी त्याच हंगामात चुन्यानं भरावी लागते, नाहीतर पुढच्या पावसाचं पाणी तिथूनच शिरतं. जांभ्यावरचा गिलावा गेलेला असेल तर तो परत करावा, कारण उघडा जांभा पाणी पितो. मूळ बांधणाऱ्यांनी तो झाकलेलाच ठेवला होता.

वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट अशा तिन्ही संघांच्या चर्चचे सांगाडे उभे आहेत. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीजांच्या घंटा देवळांत गेल्या, भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराला त्या आजही टांगलेल्या आहेत. या भिंती कुणाच्या, हा वाद घालणाऱ्यांना आम्ही इतकंच सांगू की त्यांत पोर्तुगीजांचं बांधकाम आहे, मराठ्यांच्या विजयाच्या खुणा आहेत आणि नंतरच्या तीनशे वर्षांचा पाऊसही आहे. यातलं एक ठेवून बाकीचं घासून काढायचं काम कुणी सुचवलं तर आधी त्याच्याकडं तीन गोष्टी मागाव्यात: प्रत्येक भिंतीचं दगडागणिक मोजमाप, काढणार असलेल्या मातीचा थरवार नोंदवायचा आराखडा, आणि पुढच्या दहा वर्षांच्या पावसाळ्यांत माथ्यावरची रोपं कोण उपटणार त्याची तरतूद. तिसऱ्या गोष्टीला सर्वांत कमी पैसे लागतात, आणि बहुतेक प्रस्तावांत तीच नसते.